परसातली तुळस

परस दिलं ते बायकोच्या सांगण्यावरून, हे आधीच सांगून टाकतो. स्वतःहून कुणाला हातभर जमीन देणारा मी माणूस नव्हे. विनोदिनी आषाढात गेली. जाण्याआधी म्हणाली होती, "मागचां परस ओस पडतला. मंजुळेक करूंक दी." मंजुळा म्हणजे शेजारच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणारी बाई. नवरा निवृत्ती डिचोलीतच एका कारखान्यात कामाला. दोघं मूळची गडहिंग्लजकडची.

वर्षभर मी चालढकल केली. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या साली, पावसाच्या तोंडावर, शेवटी अर्धं परस दिलं. अट एकच: भाजीपाला लावायचा, कायमचं काही नाही. माड नाही, पोफळ नाही, केळसुद्धा नाही. अटीला कारण होतं. पाळी गावच्या माझ्या मामांनी एका कुटुंबाला बागेत खोपी बांधू दिली होती. पुढे तो माणूस मुंडकार ठरला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, आणि घराखालची जागा कायद्यानं त्याची झाली. मामा मरेपर्यंत त्या बागेकडे पाठ करून बसत. मला तर ज्योतीला, माझ्या मुलीला, द्यायला एवढं एकच परस आहे.

मंजुळेनं मुळा, भेंडी, तांबडी भाजी लावली. निघेल त्यातला अर्धा वाटा ती रोज माझ्या पायरीवर आणून ठेवायची. मला तेही खटकायचं. फुकट इतकं गोड कोण वागतं? स्वयंपाकघराच्या जनेलातून मी तिच्यावर नजर ठेवून असे.

दसरा झाला आणि एके सकाळी भेंडीच्या ओळीमागे चार दगड मांडलेले दिसले. मधोमध तुळस, चांगली हातभर वाढलेली.

मी कृष्णनाथला बोलावून आणलं. मामलेदार कचेरीत तीस वर्षं काढलेला माझा मित्र. त्यानं जनेलातून पाहिलं आणि मान हलवली.

"तुळस दिसली काय घर दिसलां," तो म्हणाला. "उद्या तुळशीचां लग्न लावतली, चार माणसां अक्षता टाकूक येतली. तेच साक्षीदार."

"मगे काय करू? उपटू?"

"तुळस? हात झडतले तुझे."

तीच तर बाईची हुशारी, मला वाटलं. माड लावला असता तर मी उपटून कुंपणाबाहेर फेकला असता. तिनं नेमकं असं काही लावलं की त्याला हात लावायची माझी छाती होऊ नये. तीन दिवस मला जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी भात शिजताना उपाय सुचला. तुळस उपटणं पाप, कबूल. पण तुळशीला पाणी घालणं तर पुण्यच ना? ते ऊन की थंड, हे कुठल्या पोथीत लिहिलंय? मंजुळा बाजारात गेली की मी कढकढीत पेज नेऊन मुळाशी ओतू लागलो. रविवार आणि एकादशी सोडून, कारण त्या दिवशी तुळशीला पाणी घालत नाहीत. ओतण्याआधी हातसुद्धा जोडायचो. पंधरवड्यात पानं काळी पडून गळाली. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तुळशीच्या लग्नाला दोन दिवस उरले होते. मंजुळा पुढल्या दारी आली. हातात मातीच्या गड्ड्यासकट ते वाळकं रोप. ती पायरी न चढता अंगणात वृंदावनापाशीच थांबली. विनोदिनी गेल्यापासून ते वृंदावन रिकामं होतं. आत गवत माजलं होतं, आणि सगळं लक्ष मागच्या दारी असल्यामुळे मला ते दिसतही नव्हतं.

"काका, काकूंनी आजारात मंजिऱ्या दिल्या होत्या मला," ती म्हणाली. "म्हणाल्या, ह्यास्नी जमायचं न्हाई, रोप धरलं की तू वृंदावनात लाव. डब्यात दोनदा मेलं, म्हणून जिमनीत लावलं. लग्नाच्या आत हलवणार होते."

मी म्हणालो, "कीड लागली असतली."

"कीड न्हाई."

तिनं गड्डा फोडून तळवा माझ्यापुढे धरला. मातीत जाड, तांबूस शितं वाळून चिकटली होती.

"आमच्यात उकडा तांदूळ शिजत न्हाई, काका. आमी भाकरीची माणसं."

आवाज तिनं जरासुद्धा चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं. ती खाली बसली, वृंदावनातलं गवत उपटून काढलं, मुळांतली शितं एकेक वेचून बाजूला टाकली आणि रोप मधोमध लावलं.

"एक मुळी ओली हाय अजून. फुटली तर फुटंल," ती म्हणाली. "मी उद्यापास्नं परसात येत न्हाई. हिला पाणी तुमीच घाला."

फाटक लावून ती गेली. मी विहिरीवरून कळशी भरून आणली. ओतण्याआधी पाण्यात बोट बुडवून पाहिलं. थंड होतं. तरीही कळशी पुढे करायचा मला धीर होईना.