लोणच्याची पळी आणि बरणीतला पाहुणा

मी एक जुनी लाकडी पळी आहे. मित्रांनो, नाचणगावच्या एका घरात, ओसरीवरच्या खिळ्याला मी टांगलेली असते. जवळ आलात तर माशाचा वास येईल, पण नाक मुरडू नका. एके काळी या घरात माझ्याइतकं सोवळं कुणाचंच नव्हतं.

रोहण्याच्या सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवलं. देवकाबाई लग्न होऊन या घरी आल्या, तेव्हा रुखवतात मीही आले. लोणच्याच्या बरणीत फक्त मीच उतरायची. मला ओल्या हाताने शिवायचं नाही, खरकट्याजवळ ठेवायचं नाही, असा यशोदाबाईंचा, म्हणजे देवकाबाईंच्या सासूबाईंचा, दंडक होता. वर्षभर लोणच्याला बुरशी यायची नाही आणि त्याचं श्रेय मी खुशाल स्वतःकडे घ्यायची. पितळेच्या चमच्यांशी तर मी बोलतही नसे.

आणे जाऊन नवे पैसे आले त्या वर्षी मालक, म्हणजे देवकाबाईंचे यजमान मोतीलाल, दुकानाच्या मालासाठी मुंबईला गेले. देवकाबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता, म्हणून येताना मालकांनी काचेच्या मोठ्या बरणीत समुद्राचं पाणी आणलं आणि त्यात दगडाला चिकटलेलं एक समुद्रफूल. "निसतं पान्यावर राह्यते," असं त्यांनी घरी सांगितलं. यशोदाबाईंनी हौसेने बरणी देवघरात ठेवली.

फूल मिटू लागलं. देवघरात समईपुरताच उजेड. देवकाबाईंनी बरणी उत्तरेच्या खिडकीत हलवली आणि अंगणात आरसा टांगून सकाळचं कोवळं ऊन तिच्यावर पाडलं. पाकळ्या थोड्या उघडल्या, मग पुन्हा आत गेल्या. भिजवलेला साबुदाणा टाकला, तुळशीचं पान टाकलं. फुलाने दोन्ही झिडकारलं आणि ते आकसून सुपारीएवढं झालं.

देवकाबाईंनी नवऱ्याला गाठलं. "अवो, खरं सांगा. हे काय खाते?"

मोतीलाल खाली पाहत म्हणाले, "मासोई. फूल नाई, जनावर आहे थे. विकनाऱ्यानं सांगतलं होतं मले. पन घरी कोन्या तोंडानं सांगू?"

यशोदाबाई कडाडल्या, "या घरात मास नाई येनार! नदीत सोडून दे त्याले."

"नदीचं पानी गोडं आहे, आत्याबाई. तिथं थे मरन. आपन त्याले घरी आनलं, आता उपाशी मारू काय?"

सासूला नुसतं एवढं बोलून देवकाबाई थांबल्या नाहीत. बरणी ओसरीवर काढली, अंगणातला आरसाही तिकडे वळवला. नदीवर मासे धरणाऱ्या नत्थूला निरोप गेला. झिंगा मागितलेला ऐकून तो हसतच सुटला. "बाई, तुमच्या घरी झिंगे? टोपलंभर आनू काय?"

"एकच आनजो. लहानसा," देवकाबाई म्हणाल्या.

आता घास बरणीच्या बुडापर्यंत पोचवायला लांब दांड्याचं काहीतरी हवं होतं. पितळ त्या खाऱ्या पाण्यात हिरवं पडत होतं. मिठात टिकणारी या घरात मी एकटीच. देवकाबाईंचा हात माझ्याकडे आला आणि मी मनातल्या मनात किंचाळले. एकदा मास लागलं की स्वयंपाकघर बंद. यशोदाबाई एवढंच म्हणाल्या, "गेली पळी."

झिंग्याचा तुकडा घेऊन मी पाण्यात उतरले. एका बारीकशा पाकळीने घास पकडला, त्याबरोबर मलाही. मग दुसरीने, तिसरीने. मित्रांनो, एवढ्या वर्षांत मला कुणी असं धरलं नव्हतं. माझा सगळा ताठा तिथेच उतरला.

मग मीच रोज पाणी ढवळू लागले, उरलेला घास बाहेर काढू लागले. उन्हाळ्यात पाणी उडून जाई, मीठ मात्र आत राही. म्हणून देवकाबाई बरणीवर गंधाने ओढलेल्या रेघेपर्यंत साधं पाणी भरत आणि बरणीभोवती ओलं पोतं गुंडाळत. फूल बशीएवढं फुललं.

पुढे पावसाळ्यात देवकाबाई हिवतापाने अंथरुणाला खिळल्या. मोतीलाल आर्वीला गेलेले. "त्याले कोन देईन?" देवकाबाई तापात सारखं विचारत. ओसरीवर नत्थूने ठेवलेला झिंगा तसाच पडून होता आणि बरणीत पाकळ्या आत चालल्या होत्या.

यशोदाबाई बराच वेळ दारात उभ्या राहिल्या. मग पदराने मला धरलं, घास उचलला आणि डोळे घट्ट मिटून मला पाण्यात घातलं. घास दगडावर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मिटल्या डोळ्यांनी कुणाच्या तोंडी घास जातो का? शेवटी त्यांनी डोळे उघडले. पाकळ्या घासावर मिटेपर्यंत त्या बघत राहिल्या.

"खाल्लं काय रे बापा?" त्या हळूच म्हणाल्या आणि तशाच विहिरीवर आंघोळीला गेल्या. देवकाबाई बऱ्या झाल्या, तरी सासूबाईंनी मला काही त्यांच्या हाती परत दिलं नाही.

लोणच्याच्या बरणीत आता दुसरी पळी आहे. कैरी फोडायचे दिवस आले की मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण सकाळी आरशातलं ऊन ओसरीवर आलं, की यशोदाबाई देवपूजेच्याही आधी माझ्याकडे येतात. मित्रांनो, तुम्ही एखादा जीव घरी आणलात, तर आपल्याला काय चालतं ते त्याच्यापुढे ठेवू नका. त्याला काय लागतं ते विचारा. आणि घास देताना डोळे उघडे ठेवा.