रविवारी गाडी काढायची

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि सध्या माझी पाचावर धारण बसली आहे.

माझे घराणे जपानचे. एकच नाव लावून आमच्या नऊ पिढ्या रस्त्यावर उतरल्या. मी दहावी आणि शेवटची. माझ्यानंतर कंपनीने ते नावच बंद केले. कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी चारही दारे लावून आवाज ऐकला आणि मान डोलावली. तेवढेच माझे बारसे.

पुढची सतरा वर्षे एकाच घरी गेली. बाबा मला 'राणी' म्हणतात, पण लोकांसमोर. चढावर काय म्हणतात ते सांगण्यासारखे नाही. लहानपणी ताई मागच्या सीटवर दोनदा ओकली. दोन्ही वेळा दोष माझ्या स्प्रिंगांना मिळाला.

बुधवारी बाबा आईला म्हणाले, "रविवारी गाडी काढायची."

काढायची! मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी जुना फ्रिज काढला, तो पुन्हा दिसला नाही.

गुरुवारी आईने डिकी रिकामी केली. शुक्रवारी मेकॅनिकने ब्रेक बघितले आणि म्हणाला, "साहेब, हिचे पार्ट आता भंगारातच शोधायचे." शनिवारी मला शाम्पूने धुतले. शाम्पूने! भीतीने माझे थेंबभर तेल गळाले.

रविवारी शिकाऊ लायसन्स घेऊन ताई स्टिअरिंगसमोर बसली.

"बाबा, ठोकली तर?"

"ठोक. नवीन थोडीच आहे? काढ फाटकाबाहेर."

अस्सं! काढायची म्हणजे बाहेर काढायची! माझा जीव भांड्यात पडला. ताईने क्लच सोडला आणि मी बंद पडले. असे तीनदा झाले.

पायरीवरून आई म्हणाली, "हिचा हात बसू दे एकदा, मग नवी गाडी काढू."

म्हणजे ताई जितक्या लवकर शिकेल, तितक्या लवकर मी भंगारात. बंद पडत राहणे माझ्याच फायद्याचे होते.

चौथ्यांदा आम्ही रस्त्यावर आडव्या आलो, तोच समोरून टेम्पो आला. ताईचे तळहात घामाने ओले झाले होते. माझ्याइतकीच तीही घाबरली होती. तिने क्लच झटक्यात सोडला. मी आचके दिले, खोकले, पण बंद पडले नाही.

"जमलं!" ताई ओरडली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंसमोर जरा स्पष्ट बोलत जा. काढायची असेल, तर बाहेर की कायमची, तेवढे सांगा.