लॉनचं गवत

व्यंकटनं अर्जावर फोटो चिकटवला, अंगठ्यानं घटकाभर दाबून धरला आणि कागद खिडकीतून आत सरकवला. आत पुरसभेचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे, कारकून मडिवाळप्पा बसले होते. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, अर्ज उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

“धंदा काय म्हणलास?”

“गवत कापायचा, साहेब. लॉनचं.”

“गवत कापायला लायसन?” मडिवाळप्पांना हसू आलं. “आमच्या वडलांनी जन्मभर कापलं. कुणी विचारलं न्हाई.”

“कॉलेजवाले मागायलेत. वर्षभराचं काम देतो म्हणतात, पण आधी कागद दाखव म्हणतात. लायसन अन् मशिनींची यादी.”

हुमनाबादेत व्यंकट गेली तीन वर्षं लॉन कापत होता. एक फंक्शन हॉल, दोन डॉक्टरांचे बंगले आणि पेट्रोल पंपापुढचा चादरीएवढा तुकडा, एवढाच त्याचा पसारा. आपल्या गावी, दुबलगुंडीत, त्यानं पहिल्यांदा हे काम सांगितलं तेव्हा पारावर हशा पिकला होता. पेरायचं नाही, खायचं नाही, नुसतं पाणी घालून वाढवायचं आणि वाढलं की माणूस लावून कापायचं? शहाण्या माणसांना असली कामं सुचतात तरी कशी! पण त्याच कामावर व्यंकटचं घर चाललं होतं आणि आता कॉलेजचं चार एकरांचं काम दारात येऊन उभं होतं.

“बरं, मशिनी सांग,” पेन उघडत मडिवाळप्पा म्हणाले. “लाईटवरच्या का पेट्रोलच्या?”

“दोन्ही पेट्रोलच्या. एक खांद्याला अडकवायचं कटर. एक ढकलायचं हाय, जुनंच घेतलंय, पण पातं नवं टाकलंय. अन् एक पाठीवरचा पंप.”

पेन थांबलं.

“पंप कशाला?”

“औषध मारायला. लॉनमधी तण लई माजतंय साहेब. हॉलचे मालक मल्लप्पा मागंच लागले, लग्नाच्या आधी सगळं साफ पायजे म्हणून.”

“हे बघ, ते वेगळं.” मडिवाळप्पांनी आवाज खाली आणला. “गवत कापायचं मी इथं लिहून घेतो. पण पैसे घेऊन दुसऱ्याच्या जागेत औषध मारायचं म्हणलं की शेतकी खात्यात जाऊन विचारायला लागंल. काय कागद लागतात ते तेच सांगतील. उगी इथं लिहून अडकू नकोस.”

“बरं झालं सांगितलात.” व्यंकटला खरंच हलकं वाटलं. माणूस बरा निघाला होता.

“आता कचऱ्याचा रकाना. कापलेलं गवत कुठं टाकतोस?”

याच प्रश्नाची व्यंकट वाट बघत होता म्हणा ना. तो खिडकीशी आणखी पुढं झाला.

“आमच्यात कचरा होतच न्हाई साहेब. काडीसुद्धा वाया जात न्हाई. शेजारी लक्ष्मम्मा अक्का हायत, त्यांच्या गाईला घालतो सगळं.”

“औषध मारलेलं बी?”

मडिवाळप्पांनी काही टोमणा मारला नव्हता, रकाना भरता भरता सहज विचारलं होतं. पण व्यंकट मनातल्या मनात दिवस मोजू लागला.

“कवा मारलं होतंस?”

“सोमवारी.”

“अन् कापलंस कवा?”

“आज. सकाळी. पोतं अक्काच्या दारात ठेवून, अंघोळ करून हिकडं आलो.”

“डब्यावर लिहिलेलं असतंय रे. जनावराला कवा घालायचं, कवा न्हाई. वाचला न्हाईस?”

डब्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं. एका पंपाला किती टोपणं, एवढंच व्यंकटनं वाचलं होतं. तो खिडकीपासून मागं सरला आणि तसाच पायऱ्या उतरत सुटला.

“अरे, अर्ज!” मागून हाक आली. “सहीसुद्धा केली न्हाईस!”

मोटारसायकलला लाथ मारायच्या आधी त्यानं लक्ष्मम्माला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ती फोन देवळीत ठेवते आणि दिवसभर विसरते, हे त्याला माहीत होतं तरी त्यानं आणखी दोनदा लावला. बायकोला, ज्योतीला, सांगावं तर ती पोरीला घेऊन निंबर्ग्याला माहेरी गेलेली. घरात कुणीच नव्हतं. आता आपणच गाठायचं, आणि अकरा तर कधीच वाजून गेले होते. सकाळी आठला ठेवलेलं पोतं आतापर्यंत गव्हाणीत पडून गाईच्या पोटात गेलंही असणार.

रस्त्याला लागला तर पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. बाजूनं काढायला जागा नाही. व्यंकटनं हॉर्नवरचा अंगठा उचलला नाही, पण ट्रॅक्टरवाल्यानं गाणं एवढं मोठ्यानं लावलं होतं की त्याला ऐकू जायची सोय नव्हती.

गाय तर दीड महिन्यापूर्वीच व्यालेली. लक्ष्मम्माला ती पोटच्या लेकीसारखी. नवरा गेल्यावर त्या घरात हाक मारायला दुसरं होतं तरी कोण? शिवाय कासेला अजून चिकटलेलं वासरू, तेही त्याच दुधावर. व्यंकटला रडूच यायला लागलं. दुसऱ्याचं एका पैचंही देणं न ठेवणारा माणूस आपण, आणि जिनं आपल्याला तारलं तिच्याच गव्हाणीत आपल्या हातानं विष टाकून आलो!

तारलं म्हणजे खरंच तारलं होतं. तीन वर्षांपूर्वी उदगीरच्या गोदामातली नोकरी सुटली आणि तो बायको आणि तान्ही पल्लवी यांना घेऊन गावी आला. ज्योतीला दूध पुरत नव्हतं, पोरगी रात्रंदिवस रडायची. दुसऱ्याच दिवशी लक्ष्मम्मा भिंतीपलीकडून दुधाची चरवी घेऊन आली. व्यंकटनं ती तशीच परत केली. “फुकटचं नको अक्का,” म्हणाला. असाच होता तो, ताठ. मग चार दिवसांनी पहिलं लॉन कापलं तेव्हा गवताचं पोतं डोक्यावर घेऊन स्वतःच तिच्या दारात गेला आणि परत येताना चरवी घेऊन आला. तेव्हापासून हिशेब ठरून गेला. पोतं आत, दूध बाहेर. ज्या दिवशी पोतं नसे त्या दिवशी तो त्या दाराकडं बघतही नसे. ज्योती यावर कधी कधी गालातल्या गालात हसायची. का, ते त्याला कळायचं नाही.

गाडी नीट उभी न करताच तो अंगणात घुसला. आधी गव्हाण पाहिली. गव्हाण चाटूनपुसून साफ होती. आणि पत्र्याच्या सावलीत गाय बसलेली, मान पुढं ताणलेली, डोळे अर्धे मिटलेले. तोंडातून पांढरा फेस.

“अक्का!” व्यंकट असा ओरडला की वासरू दावं ताणून उडालं. “अक्का, गाय गेली!”

लक्ष्मम्मा हातात परात घेऊनच बाहेर आली.

“येन आयतु तम्मा? काय झालं? कुठं गेली?”

“फेस यायलाय तोंडातून!”

लक्ष्मम्मानं गाईकडं पाहिलं. मग व्यंकटकडं पाहिलं, तेही जरा जास्तच काळजीनं.

“रवंथ करायलीय ती, बाळा. तू शेतकऱ्याच्याच पोटचा हायस न्हवं?”

गाईनं एक डोळा उघडला, घास या गालातून त्या गालात नेला आणि पुन्हा चघळू लागली. व्यंकटला लाज वाटली, पण भीती काही हटेना. त्यानं मग सगळं सांगून टाकलं. सोमवारचं औषध, न वाचलेला डबा, सकाळचं पोतं, सगळं. डोळे पुसत सांगितलं, नाक ओढत सांगितलं.

“किती खाल्ली अक्का? सगळं पोतं घातलात?”

लक्ष्मम्मा परात खाली ठेवून पायरीवर बसली. गाईसाठी नव्हे, दुसऱ्याच कशासाठी तरी ती अडखळल्यासारखी दिसत होती.

“खाल्ली न्हाई,” ती शेवटी म्हणाली.

“थोडं तरी खाल्ली असंल की.”

“एक काडी न्हाई. पोतं तिकडं भिंतीमागं हाय, सोडलं बी न्हाई अजून. सकाळी कडबाच खाल्लीय ती.”

व्यंकट भिंतीमागं धावला. उकिरड्याच्या कडेला पोतं होतं, त्यानं सकाळी मारलेली सुतळीची गाठ जशीच्या तशी. त्याचा जीव भांड्यात पडला. तो तिथंच उकिरड्याजवळ, ऑफिसला म्हणून घातलेल्या इस्त्रीच्या पँटीनिशी, मातीत बसला आणि एकटाच हसायला लागला. बरं झालं रे देवा! बरं झालं अक्का विसरली!

मग त्याचं लक्ष उकिरड्याकडं गेलं. शेणाच्या थराखाली, राखेच्या थराखाली बारीक कापलेलं गवत होतं. वाळून पिवळं झालेलं, त्याखाली काळं पडलेलं, त्याखाली पार माती होत आलेलं. मशिनीनं कापलेलं गवत त्याला कुठंही ओळखू आलं असतं.

तो पोतं ओढत पुढच्या अंगणात आला.

“विसरला न्हाईत तुम्ही,” तो म्हणाला.

“न्हाई.”

“आधीचं बी खाल्ली न्हाई?”

“कवाच न्हाई, तम्मा. तुझ्या मशिनीच्या पेट्रोलचा वास येतोय त्याला. पयल्या दिवशी घातलं तर फुर्र करून तोंड फिरवली, अन् दिवसभर पाणी बी प्याली न्हाई बघ. लई मानी हाय ती. तुझ्यासारखीच.”

“ज्योतीला माहीत हाय?”

“मग! पोतं नसलं की ती मागच्या दारानं येऊन चरवी न्यायची की.”

एवढ्यात व्यंकटचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“मडिवाळप्पा बोलतोय. अर्जावर नंबर होता तुझा. गाय कशी हाय?”

“बरी हाय साहेब,” व्यंकट म्हणाला. “रवंथ करायलीय.”

“सुटलास बघ! माझा बी जेवणात जीव न्हवता. अर्ज ठेवलाय मी बाजूला. उद्या येऊन सही कर.”

“साहेब, यादीत पंप लिहू नका. आधी शेतकी खात्यात विचारतो. तोवर त्याला हात लावत न्हाई.”

फोन ठेवून त्यानं पोतं गाडीला बांधलं. हे उकिरड्यावरही टाकायचं नव्हतं. लक्ष्मम्मा तेच खत दोडक्याच्या वेलांना घालायची. कुठं पुरायचं ते त्या डब्यावर वाचून ठरवू, असं त्यानं मनाशी म्हटलं. दोरी आवळून झाली तरी तो तिथंच घुटमळत राहिला.

“तीन वर्षं अक्का,” तो म्हणाला. “एवढ्या उन्हातानाचा आणायचो. कामून घेत राहिलात? गाय खात न्हाई म्हणून सांगायचं की.”

लक्ष्मम्मा वासराचं दावं सैल करत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“सांगितलं असतं. मग दुसऱ्या दिवशी दुधाला आला असतास?”

वासरू उड्या मारत गाईकडं गेलं आणि तिला ढुशा द्यायला लागलं. लक्ष्मम्मा आत गेली. चुलीवरून भांडं उतरवल्याचा आवाज आला.

“हातपाय धू,” तिनं आतून सांगितलं. “कसा घामाघूम झालायस. दूध तापलंय, घोटभर घेऊनच जा.”

“पोरगी घरी न्हाई अक्का.”

“तू हायस की.”

व्यंकटनं गाडीवरच्या पोत्याकडं पाहिलं. ते काही आता देता येण्यासारखं नव्हतं. खिसे चाचपले, तर किल्ली आणि एक जास्तीचा फोटो. तो रांजणापाशी गेला, तोंडावर पाणी मारलं, पाय धुतले आणि पायरीवर येऊन बसला. लक्ष्मम्मानं पेला त्याच्यापुढं धरला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, एक घोट प्याला.

“अक्का,” तो म्हणाला, “साखर जरा जास्त टाका.”