टोकाच्या पलीकडची सात बंदरं

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तीन मजल्यांच्या एका इमारतीत राहणाऱ्या मिस्त्रींकडे शिडाची एक होडी होती. ती इतकी संथ होती, की तिच्या तळाला चिकटलेले शिंपले कंटाळून उतरायचे, पोहत पुढे जायचे आणि पुढच्या बंदरात तिची वाट बघत बसायचे. धक्क्यावरचे लोक तिला गोगलगाय म्हणत. ज्यांना हे आत्ताच पटत नसेल त्यांनी खुशाल उठावं, पुढे याहून अवघड आहे.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. आयुष्यभर त्यांनी लोकांना वर नेलं आणि खाली आणलं. आडवं जायची हौस राहून गेली होती, ती त्यांनी होडीवर भागवली. त्यांची बायको छापखान्यात प्रुफं तपासायची. हजार पानांतून एक स्वल्पविराम तिच्या नजरेतून सुटला नाही, मग नवरा कुठला सुटायला! तिला सगळे बाई म्हणत. उन्हाळा लागला की दोघं चौदा दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने जायची, सात बंदरं करायची आणि काळीठिक्कर होऊन परत यायची. असे सव्वीस उन्हाळे झाले. एकही चुकला नव्हता.

आणि समुद्रात सव्वीस वर्षं जिचा पाय घसरला नाही, ती बाई साखरेचा डबा काढायला स्टुलावर चढली आणि डब्यासकट खाली आली. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी तीन महिने पलंग सांगितला. मिस्त्रींनी लिफ्टच्या जुन्या सामानातली एक कप्पी छताला टांगली आणि तिचा पाय त्यातून असा झोकात लटकवला, की डॉक्टर म्हणाले, इस्पितळातसुद्धा एवढी सोय नाही.

"यंदा राहू दे," मिस्त्री म्हणाले.

"का? पाय माझा मोडलाय. तुमचे दोन्ही धडधाकट आहेत."

"एकट्याने काय जायचं?"

"जायचं. हे बघा, एकदा खंड पडला की पडला. पुढच्या वर्षी तुमची कंबर धरेल, त्याच्या पुढच्या वर्षी माझे डोळे जातील. मग होडी धक्क्यावर कुजत बसेल आणि आपण खिडकीत."

सेवेसाठी बाईंची धाकटी बहीण येऊन राहिली होती. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "जाच तुम्ही, भावोजी. ताईचा एक पाय सांभाळणं सोपं आहे, तुम्ही घरात असलात की मला तीन माणसांचं करावं लागतं."

"ऐकलंत?" बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "जा. सातही बंदरं करा, एकही गाळू नका. आणि माझा उन्हाळा मला आणून द्या. मी इथं पडल्या पडल्या तुमच्याबरोबर येईन."

मिस्त्री निघाले.

आता त्या होडीची एक रीत सांगायला हवी. मिस्त्री मागे सुकाणू धरून बसायचे, आणि शीड एवढं मोठं की त्यांना पुढचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. बाई पुढे, डोलकाठीला गुडघा टेकवून, एका उशीवर. समोरचं सगळं त्या बघायच्या आणि म्हणायच्या, "वळवा." की मिस्त्री वळवायचे. कधी, किती, कशाला, हे त्यांनी सव्वीस वर्षांत विचारलं नव्हतं. मान वाकडी करून शिडाखालून बघता आलं असतं, पण बायको पुढे असताना कोण मान वाकडी करतो!

धक्क्यापासून दीड तासावर एक टोक आहे, काळ्या खडकाचं. ते ओलांडलं की डावीकडे वळायचं, मग सातही बंदरं ओळीने येतात. पहिल्या दिवशी मिस्त्री ऐटीत टोकापर्यंत गेले. खडक बाजूने गेला तो त्यांनी पाहिला. वळायला हवं हे कळत होतं. पण हात सुकाणूवर तसाच. कान पुढे लागलेले. आता ऐकू येईल, आता येईल, असं करता करता गोगलगाय नाकासमोर चालत राहिली, आणि मागे जमीन पेन्सिलीने ओढलेल्या रेघेएवढी उरली, तेव्हा त्यांना आठवलं की पुढे कुणी बसलेलंच नाही. शीड उतरवून ते गुपचूप बसून राहिले. भरतीनेच त्यांची दया येऊन त्यांना टोकाच्या अलीकडे परत आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी ते हुशार झाले. खडक आला तसे स्वतःच ओरडले, "वळवा!"

हात हलला नाही. सव्वीस वर्षं एकाच आवाजाला वळलेला हात तो, असल्या सोम्यागोम्याचं थोडंच ऐकणार?

तिसऱ्या दिवशी त्यांनी आजूबाजूला कुणी नाही ना हे बघितलं, घसा साफ केला आणि बाईंचा आवाज काढला. बारीक, जरासा नाकातला, शेवटच्या अक्षरावर घाई असलेला. "वळवा." आवाज इतका हुबेहूब निघाला, की खडकावरचे समुद्रपक्षी दचकून पुढच्या उशीकडे बघायला लागले. हातसुद्धा हलला, चांगला वीतभर हलला. पण तो आवाज पुढून न येता आपल्याच तोंडातून आला, हे मिस्त्रींना सोसलं नाही. डोळे भरले, खडक दोन दिसायला लागले, आणि दोन खडकांमधून होडी काढायची म्हणजे पंचाईतच.

त्यांनी टोकाच्या अलीकडच्या खाडीत नांगर टाकला. उरलेले अकरा दिवस तो नांगर हलला नाही.

परत जायची सोय नव्हती. घरी गेले असते तर खंड पडला असं झालं असतं, आणि तो त्यांनी पाडला असं झालं असतं. पुढे जाता येत नव्हतं. रोज सकाळी ते चहा करायचे, दोन कप भरायचे, एक पिऊन झाला की दुसऱ्याकडे बघत बसायचे आणि मग तोही प्यायचे. बाईंची उशी एका बाजूने दबलेली होती. ती त्यांनी झटकली नाही. डोलकाठीला दोऱ्याने बांधलेली बाईंची पेन्सिल वाऱ्याने टकटक वाजायची, आणि तिने टकटक केली की मिस्त्री "हं?" म्हणायचे. दुर्बिणीतून घराची खिडकी दिसायची. खिडकीत पडदा, पडद्याच्या फटीत लटकलेला पाय, आणि पायाचा अंगठा हलतोय की नाही हेसुद्धा दिसायचं असं ते सांगतात. सहा मैलांवरून. असो.

प्रवास तर आणून द्यायचा होता. मग त्यांनी तो खाडीत बसूनच करायला घेतला. नोंदवहीत तारीख, वारा, भरतीची वेळ, बंदर, सगळं बारीक अक्षरात लिहिलं, आणि प्रुफं तपासणाऱ्या बाईपुढे जायचंय म्हणून प्रत्येक पान तीनदा वाचलं. वारा ते खराच लिहायचे, कारण बाई खिडकीतून वारा बघत असणार. दाढी वाढवली. नाक आणि कान मुद्दाम उन्हात धरून भाजून घेतले. सदरा समुद्राच्या पाण्यात बुचकळून वाळवला, तो पापडासारखा कडकडीत झाला. शिंपल्यांची एक पिशवी भरली. चौदाव्या दिवशी आरशात बघितलं तर सात काय, सतरा बंदरं केलेला माणूस दिसत होता.

जिना चढताना तळमजल्याचा शिंपी मशीनवरून ओरडला, "आले का खलाशी? होडी ढकलत आणलीत की काय?"

"अहो, एवढ्या वेगाने आलो की शीड फाटलं असतं," मिस्त्री म्हणाले आणि पटकन वर सटकले.

खोलीत दुपारचं ऊन होतं. बाईंनी केस विंचरून घेतले होते, उशा उंच करून घेतल्या होत्या. त्यांच्या मांडीवर किनाऱ्याचा जुना नकाशा पसरलेला होता.

"बसा इथं," बाई म्हणाल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन डोळे मिटले. "चला. निघालो."

मिस्त्रींनी सुरुवात केली. पहिलं बंदर मांजरांचं. तिथं यंदा मांजरं एवढी झाली आहेत की धक्क्यावर माणसांना उभं राहायला जागा नाही, मासे उतरवताना मांजरं रांगेत उभी राहतात आणि मध्ये घुसणाऱ्या बोक्याला ओरडतात.

"भावोजी!" मेहुणी हसायला लागली.

"बोलू दे गं त्यांना. मोठं खोटं चालतं," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "पुढे?"

दुसऱ्या बंदरात तेलाच्या पंपावरचा दाढीवाला. तो इतका जाड झाला आहे, की तो उठून घरी गेला की धक्का हातभर वर येतो. तिसऱ्या बंदरातल्या दीपगृहाला नवा रंग दिला आहे, पण रंगाऱ्याचा अंदाज चुकला आणि वरची चार हात भिंत तशीच राहिली. चौथ्याला उथळ पाणी, पाचव्याला धुकं. धुकं असं दाट की त्यांनी त्यावर बोटाने सही केली आणि सकाळी ती तिथंच होती.

बाई हसत होत्या. नकाशावर त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट सरकत होतं, न बघता, बरोबर त्या त्या जागी. आणि प्रत्येक बंदराच्या आधी त्यांचे ओठ हलत होते, अगदी हळू. "वळवा." ते ऐकलं की मिस्त्रींचा खांदा आपोआप डावीकडे जायचा. अकरा दिवस जे ऐकू यावं म्हणून कान टवकारून बसले होते, ते आता इथं, तिसऱ्या मजल्यावर, छताच्या कप्पीखाली ऐकू येत होतं. असं वाटलं, उठावं, हिला पलंगासकट उचलावं आणि खाली धक्क्यावर न्यावं. ते बोलत राहिले. सहावं बंदर झालं. सातवं आलं.

"सातव्यात माझ्या दगडावर बसलात?" बाईंनी विचारलं.

"बसलो की."

"समुद्र कसा होता?"

"होता तसाच."

सातव्या बंदराशी बाई दरवर्षी एका सपाट दगडावर बसून पाय पाण्यात सोडायच्या. मिस्त्रींना त्या दगडाबद्दल काही रचता येईना. मांजरं जमली, धुकं जमलं, तो दगड जमला नाही.

बाईंनी डोळे उघडले. "एकटं जड गेलं का हो?"

आता खरं सांगावं तर हिच्या उन्हाळ्याचं काय? हिने बोटाने सातही बंदरं आत्ताच तर केली. आणि खंड पडला हे कळलं तर ती उद्यापासून खिडकीत बसणारी म्हातारी होईल. मिस्त्रींनी छाती काढली.

"छे! जड कसलं? मजेत. तू नव्हतीस तरी काही म्हणजे काही अडलं नाही."

बाईंनी त्यांचा हात उलटा केला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला, वरून खाली, एकदा, दोनदा, प्रुफाच्या ओळीवरून फिरवावा तसा. दरवर्षी तिसऱ्या दिवशी त्या तळव्याला दोरांनी फोड यायचे, दहाव्या दिवशी सालं निघायची, आणि घरी येईतो तो खेकड्याच्या पाठीसारखा व्हायचा. मिस्त्रींनी नाक भाजलं होतं, कान भाजले होते, सदरा खारवला होता. हात राहिला होता. मऊ, गुळगुळीत, पलंगावरच्या चादरीसारखा.

बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांना हसू आवरेना, आणि टांगलेला पाय कप्पीत गदागदा हलायला लागला. मग त्यांनी अशी आरोळी ठोकली की खाली शिंप्याचं मशीन थांबलं:

"खोटं! अगं ये इकडे, बघ हा हात! साफ खोटं! माझ्याशिवाय टोकसुद्धा ओलांडलं नाहीत तुम्ही!"