सोमवारची हजेरी

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, झेंडावंदन आटोपताच, बांतुगन पालिकेच्या काचेच्या दारावर यादी चिकटवली गेली. एक्केचाळीस नावं. करार तीस जूनला संपला, पुढे वाढणार नाही, एवढाच मजकूर. निवडणुकीत नगराध्यक्ष बदलले होते, त्यामुळे यादीचं नवल कुणाला वाटलं नाही. एकोणिसाव्या नावाचं मात्र वाटलं. लुर्देस पालमारेस. आस्थापना विभागातली टंकलेखक, वय छप्पन्न, सगळ्यांची मनांग, म्हणजे थोरली ताई, लुडिंग.

"मनांग, तुम्हीपण?" कचऱ्याच्या गाडीवरचा एर्मिन म्हणाला. "मला वाटायचं, तुम्हाला इमारतीबरोबरच बांधलंय."

"इमारतीला पाच वर्षांनी रंग तरी मिळतो रे," लुडिंग म्हणाली आणि खणातला आपला कप घ्यायला आत गेली.

बुधवारी रेडिओवर कळलं की सरकारी काम गेलेल्यांना प्रांताकडून तातडीची मदत मिळणार आहे. थोडी रोख रक्कम आणि तीन महिन्यांचा तांदूळ. अट एकच : 'हा आमचा कर्मचारी होता', असा कार्यालयाचा दाखला. एर्मिनच्या बायकोला नववा लागला होता आणि डॉक्टरांनी पोट उघडावं लागेल असं सांगितलं होतं. सगळ्यांच्या वतीने लुडिंग आस्थापना अधिकारी विलारुएल यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मनांग, माझे हात बांधलेत. कलम चार वाचा."

वाचायची गरज नव्हती. 'या करारामुळे मालक-नोकर असे कोणतेही नाते निर्माण होत नाही.' हे वाक्य तिने एकोणीस वर्षं, वर्षातून दोनदा, प्रत्येकासाठी टाइप केलं होतं. स्वतःसाठीसुद्धा. एकदा घाईत त्यातला 'नाही' राहून गेला. ती चूक दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आली नसती. तिनेच ती पकडली आणि जेवणाची सुट्टी सोडून सगळे करार नव्याने काढले.

"तुम्ही नोकरच नव्हतात," विलारुएल म्हणाले. "मग कमी कुणाला केलं? कागदावर तुम्हाला कुणी काढलेलंच नाही."

"मग दारावर यादी कसली लावलीत सर? जेवणावळीची?"

विलारुएल हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. सही करायचं धाडस तेवढं त्यांच्यात नव्हतं.

लुडिंग घरी गेली आणि तांदळाच्या पिंपामागून तिने वह्या ओढून काढल्या. चौदा वह्या. दोन वर्षांपूर्वी रद्दीत निघाल्या, तेव्हा तिने मागून घेतल्या होत्या. कोरी पानं नातीला गणितं सोडवायला होतील म्हणून. सोमवारच्या झेंडावंदनाची हजेरी त्यांत होती. दर सोमवारी झेंडा वर गेला की सगळ्यांनी उजवा हात उचलून शपथ म्हणायची, आणि शपथेची सुरुवातच 'मी सरकारी कर्मचारी' अशी. कायम असो की कंत्राटी, सूट कुणालाच नव्हती. तीनदा चुकलं तर लेखी खुलासा. फाटकाशी वही घेऊन उभं राहायचं काम लुडिंगचं. आठपर्यंत आलेल्यांची सही निळी, उशिरा आलेल्यांची लाल. एर्मिनचं नाव वर्षानुवर्षं लाल होतं. प्रत्येक पानावर मथळा होता 'कर्मचारी हजेरी', आणि खाली पालिकेचा शिक्का नि विलारुएल यांची सही.

गुरुवारी बास्केटबॉलच्या मैदानात प्रांताच्या अधिकारी अर्ज घ्यायला बसल्या. गेमोरा नावाची तिशीतली बाई. लुडिंगने दाखल्याऐवजी वह्या पुढे ठेवल्या. ज्या पानांवर ज्यांच्या सह्या, तिथे त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या आधीच घातलेल्या होत्या.

"इंदाय, पोरी, आम्ही कर्मचारी नव्हतो असं म्हणतात. मग आमच्याकडून दर सोमवारी खोटी शपथ कोण घेत होतं?"

गेमोराबाईंनी बरीच पानं उलटली. "दाखल्याऐवजी हे चालेल की नाही, ते माझ्या हातात नाही. पण अर्ज घेते. वह्या सोबत पाठवते."

रांग पुढे सरकू लागली. लुडिंग शेजारी उभी राहून प्रत्येकाचं पान उघडून देत होती. चाळीस अर्ज झाले. शेवटी तिने आपला ठेवला.

"तुमची सही कुठल्या पानावर, मनांग?"

लुडिंगने वहीकडे पाहिलं. चिठ्ठ्या घालताना हे आदल्या दिवशीच तिच्या ध्यानात आलं होतं.

"माझी नाही. मी वही धरायचे."

"एकदाही नाही केलीत?"

"सगळ्यांचं होईस्तोवर शपथ सुरू व्हायची, बाई."

गेमोराबाईंनी अर्जावर 'पुरावा जोडलेला नाही' असं लिहिलं आणि तो गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. लुडिंगने मान डोलावली आणि वह्यांना दोरी बांधून दिली. गाठ सैल वाटली, म्हणून सोडून पुन्हा बांधली.

शुक्रवारी एर्मिन प्रांताच्या कार्यालयात जाऊन एक कागद देऊन आला. 'दर सोमवारी वही लुर्देस पालमारेस यांनी धरली', एवढं एकच वाक्य, खाली चाळीस सह्या. लुडिंगला त्याने आधी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर ती म्हणाली, "ओळी आखल्या होत्यास का?"

"आखल्या, मनांग."

एकोणचाळीस सह्या निळ्या आहेत. शेवटची एर्मिनची, लाल. कागद अर्जाला जोडला आहे, असं कार्यालयातून सांगतात. पुढच्या बुधवारी दुपारपर्यंत एक्केचाळीसपैकी एकाही अर्जावर निर्णय झालेला नव्हता.