माझ्या दारातला सडा

समोरच्या मंजुळेला बघितलं की माझ्या पोटात दुखतं. दोघी सत्तरीच्या, दोघी एकट्या, दोघींची पोरं बाहेरगावी. पण उजाडलं की सगळी गल्ली तिच्याच ओट्यावर. राजश्री दूध देते, बाळू पाणी भरतो, वर दोन मिनिटं टेकतात. का, तर तिचा गुडघा दुखतो. माझं काही दुखत नाही का? मी कण्हत नाही एवढंच.

परवा पुण्याहून लेकाचा, उत्तरेश्वरचा फोन आला. "माय, पडलीस तर कुनाला कळंल? घर बंद कर अन् हिकडं ये."

"आख्खी गल्ली हाय मला," मी ठणकावलं. पण फोन ठेवल्यावर मनात पाल चुकचुकली.

म्हटलं, बघूच. चाळीस वर्षं उजाडायच्या आत माझ्या दारात सडा पडतोय. सोमवारी टाकला नाही. दार नुसतं लोटून बाजेवर पडून राहिले. दुपारपर्यंत कुणी आलं नाही तर घर बंद करून पुण्याला जायचं.

आठ वाजले. समोर सगळे जमल्याचा आवाज आला. आजही तिच्याकडेच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रडूही आलं, खोटं कशाला बोलू.

मग काठी वाजली आणि दार ढकलून मंजुळाच आत आली. वर्षभर ओटा न उतरलेली बाई घामाघूम झाली होती.

"जित्ती हायस का गं?"

"तू कशाला आलीस?"

"सडा दिसंना. रोज समदे मलाच इचारत्यात, मालनबाईचा सडा पडला का म्हनून. तुझ्या दारी यायला भेत्यात. राजश्री वाटीभर साखर मागाय आली तवा किती बोललीस तिला! म्हनलं, थांबा, मी जाते. मला काय बोलायचं ते बोल."

मी तिला बाजेवर बसवलं.

तिच्या मागोमाग गल्ली दारात आली. "मंजुळाआजी चालत आल्या!" राजश्री ओरडली आणि सगळे तिचंच कौतुक करायला लागले. पुन्हा माझ्या पोटात दुखलं. तरी मी सगळ्यांना पुरेल एवढं चहाचं आधण ठेवलं. फळीवर बघितलं तर कप दोनच.

"राजश्री," मी म्हटलं, "तुमच्या घरचे कप आन गं."

चाळीस वर्षांत मी या गल्लीकडे काही मागितलं नव्हतं. राजश्री पळतच गेली.