चारशेजारी आठ

आनंदीबाईंच्या वधू-वर सूचक केंद्राच्या जिन्याखाली पाटी होती : ‘मुलाचा पगार मुलीपेक्षा कमी असल्यास जिना चढू नये.’ त्याखाली बारीक अक्षरात : ‘तरीही चढल्यास चपला खाली काढाव्यात.’ नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्यांतून बाईंनी तेवीस वर्षांत चारशे लग्नं जमवली होती. राहिलं होतं ते फक्त पोटच्या पोरीचं. अपूर्वा बत्तिशीची, सॉफ्टवेअर कंपनीत, आणि पगार असा की आकडा ऐकूनच स्थळं जिना उतरत. दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण बाईंच्या कानावर यायचंच, आणि फार लागायचं.

कुणी अगदी विचारलंच तर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, “कॉम्प्युटर शोधतोय.” आणि ते खोटंही नव्हतं. बारा वर्षांचं ते धूड अकराशे स्थळं पोटात घेऊन कोपऱ्यात बसलं होतं. अपूर्वासाठीच्या अटी भरून बटण दाबलं, की पडद्यावर ‘शोध सुरू आहे’ अशी अक्षरं यायची आणि मशीन जे गोठायचं ते प्लग उपटेपर्यंत. दोन वर्षं शोध सुरूच होता.

शेवटी एका रविवारी सकाळी अपूर्वानं ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या तेजसला घरी आणलं. मूळचा वर्ध्याचा. त्यानं आल्या आल्या कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि आत डोकं घातलं.

“काय चाललंय?” बाईंनी विचारलं.

“बघून राहिलो, काकू.”

“राहू नका. नुसतं बघा.”

तेजस हसला. आत चार जीबीच्या रॅमची, म्हणजे मशीनच्या स्मरणशक्तीची, एकच पट्टी होती, शेजारची खोबण रिकामी. त्यानं खिशातून आठची पट्टी काढली.

“थांबा!” बाई गरजल्या. तेवीस वर्षांची सवय, दुसरं काय. “चारशेजारी आठ? ही काय जोडी झाली? दोन्ही सारख्या आणा.”

“सारख्या असल्या तर उत्तमच. पण हेही चालते, काकू. चाराची चाराशी जोडी जमते, वरचे चार एकटे काम करते. फक्त दोघांचा वेग एक ठेवावा लागते. जो हळू, त्याच्या चालीनं.”

“म्हणजे वेगवान असेल त्याचं नुकसान.”

“थोडंसं. पण एकट्या चारनं दोन वर्षं काय दिवे लावले, तेही बघा ना. माणसाचंही असंच…”

“उपमा देऊ नका. सकाळीच खाल्लाय.”

पेपरामागून श्यामराव, म्हणजे बाईंचे यजमान, खुदकन हसले आणि खोकल्याचं निमित्त केलं.

बटण दाबलं तर मशीन तीनदा पीं-पीं करून गप्प. “बघा, नाही म्हणतंय ते!” बाई केवढ्या खूश झाल्या. तेजसनं खोडरबर मागितला. बाईंनी तो ‘परत द्यायचा आहे’ असं बजावून दिला. त्यानं पट्टीची सोनेरी कड घासली, पट्टी खोबणीत पुन्हा टक्क आवाज येईपर्यंत दाबली, आणि मशीन बिनबोभाट सुरू झालं.

“आता एखादं जड काम द्या याला.”

जड काम या घरात एकच होतं. बाईंनी अपूर्वाच्या अटी भरल्या, बटण दाबलं आणि सवयीनं चहा टाकायला उठल्या. अर्ध्या उठल्या असतील नसतील, तोच पडद्यावर आलं : ‘एकही नोंद सापडली नाही.’

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, तितक्याच तत्परतेनं. मेल्यानं विचार केल्यासारखं तरी दाखवावं! बाई मटकन खाली बसल्या. मशीन गोठत होतं तोवर निदान आशा होती. आता लोकांना काय सांगायचं? आणि स्वतःला?

“आई,” अपूर्वा म्हणाली, “या अटी लावून बाबा तरी सापडले असते का गं? लग्नाच्या वेळी तुझाच पगार जास्त होता ना?”

“मी फॉर्म भरलाच नव्हता,” पेपरामागून आवाज आला. “मला थेट बोलावणं आलं.”

“तुम्ही गप्प बसा हो!”

बाईंनी माऊस धरला. ‘पगार मुलीपेक्षा जास्त’, खूण काढली. शून्य. ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट’, काढली. शून्य. ‘मूळचा पुण्याचा, पिंपरी-चिंचवड धरू नये’ या अटीवर मात्र बाण बराच वेळ घुटमळला. मग तीही खूण गेली.

तीन नोंदी. पहिल्याचं लग्न बाईंनीच जमवलेलं, नाव काढायचं राहिलं होतं. दुसरा ऑस्ट्रेलियाला जाऊन तिकडचाच झालेला. तिसरा : तेजस राऊत, वर्धा. नोंद गेल्या दिवाळीची.

तेजस डब्याचा एक स्क्रू पिळत बसला होता. तो केव्हाच घट्ट झाला होता.

“हा फॉर्म कुणी भरून घेतला?”

“मी,” अपूर्वा म्हणाली. “तुझ्या अटींत बसत नव्हता, म्हणून तुला कधी दिसलाच नाही.”

बाईंनी चष्मा पुसला. फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि तेजसकडे वळल्या.

“उंची पाच-नऊ लिहिलीये. पाच-आठच्या वर सूतभर नाही तुम्ही.”

“बुटासकट मोजली, काकू.”

“आणि खालची पाटी वाचली नाहीत?”

“वाचली ना. चपला खालीच काढल्या.”

श्यामरावांचा पेपर गदगदा हलू लागला. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले, पण डोळ्यांतलं पाणी काही ऐकेना.

“अपूर्वा,” त्या म्हणाल्या, “पोहे भिजव.”

अपूर्वा जागची हललीच नाही. मग एकदम आत पळाली.

“वर तर्री मिळेल का, काकू?” तेजसला आता धीर आला होता.

“आमच्याकडे ओलं खोबरं असतं. तर्री मिळणार नाही,” बाई म्हणाल्या. “आत्ताच सांगून ठेवते. पुढं भांडणं नकोत.”